जाळीदार नक्षीची किंमत

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला बॉल पायथन घाबरला की चेंडूसारखा गोळा होऊन बसतो. त्याच्या ‘स्पायडर’ नावाच्या रंगप्रकारात फिकट अंगावर बारीक काळी जाळी असते, आणि अमेरिका-युरोपात हौशी लोक ती आवडीने विकत घेतात. पण या सापांची मान डुलते, डोकं तिरकं होतं, कधी साप उलटाच पडतो. भक्ष्यावर झेप घेताना नेम चुकतो.

कारण कानात आहे. 2022 मध्ये सूक्ष्म सीटी स्कॅनमध्ये या सापांच्या आंतरकर्णातल्या, तोल सांभाळणाऱ्या नलिका बेढब आढळल्या. या नक्षीचं जनुक प्रभावी असल्यामुळे त्याची एकच प्रत पुरते. नक्षी आली की दोषही येतो. साध्या जोडीदाराशी मीलन झालं तरी सरासरी निम्मी पिल्लं तशीच निघतात. ‘कमी डुलणारा साप निवडू’ ही पैदासकारांची पळवाट मला पटत नाही: आईबाप बरे दिसले, तरी पिल्लाचा त्रास तीव्र असू शकतो.

पाळलेल्या स्पायडरला जरूर जपावं, पण त्याची पैदास करू नये. रंगच हवा असेल तर पांढरे पट्टे असलेला ‘पाइड’ आहे. त्याच्या नक्षीशी असा तोलाचा दोष जोडलेला नाही.