नेरोली फेअरहॉल

नेरोली सुझन फेअरहॉल (२६ ऑगस्ट, १९४४ – ११ जून, २००६) या न्यूझीलंडच्या आंतरराष्ट्रीय तिरंदाज होत्या. १९८४ च्या लॉस एंजेलस ऑलिंपिकमध्ये त्यांनी चाकांच्या खुर्चीत बसून भाग घेतला. कमरेखालचे शरीर लुळे पडलेला खेळाडू ऑलिंपिक स्पर्धेत उतरण्याची ती पहिलीच वेळ होती.

प्रारंभिक वाटचाल

१९६९ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात फेअरहॉल यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि त्यांचे दोन्ही पाय निकामी झाले. त्यानंतर त्या अपंगांच्या क्रीडास्पर्धांकडे वळल्या. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये त्यांनी मैदानी खेळांत भाग घेतला. पुढे त्यांनी तिरंदाजी आत्मसात केली व १९८० च्या आर्नहेम पॅरालिंपिकमध्ये या खेळात सुवर्णपदक मिळवले.

राष्ट्रकुल स्पर्धा, १९८२

ब्रिस्बेन येथील राष्ट्रकुल स्पर्धेत तिरंदाजीचा प्रथमच समावेश झाला. महिलांच्या वैयक्तिक प्रकारात फेअरहॉल आणि उत्तर आयर्लंडच्या जॅनेट येट्स यांचे गुण समान झाले. बरोबरी सोडवण्याच्या नियमानुसार सुवर्णपदक फेअरहॉल यांना देण्यात आले. तिरंदाजीला या स्पर्धेत पुन्हा स्थान मिळाले ते थेट २०१० मध्ये, दिल्ली येथे.

बसून बाण सोडणाऱ्या खेळाडूला गैरवाजवी लाभ मिळतो काय, असा प्रश्न या विजयानंतर उपस्थित झाला. आपण उभे राहून कधी बाण सोडलेलाच नसल्याने हे सांगता येणार नाही, अशा आशयाचे उत्तर फेअरहॉल यांनी दिले. तिरंदाजीत धनुष्य मुख्यतः पाठीच्या व खांद्यांच्या स्नायूंनी ओढले जाते, ही गोष्ट खरी आहे. तथापि उभ्या खेळाडूला पायांचा व कमरेचा भक्कम आधार असतो. तो नसताना धड स्थिर राखणे अवघड होते. शिवाय धनुष्याचे खालचे टोक गुडघ्याला वा खुर्चीला लागणार नाही, याचीही दक्षता घ्यावी लागते.

लॉस एंजेलस ऑलिंपिक, १९८४

त्या काळच्या नियमांनुसार प्रत्येक खेळाडूला चार दिवसांत २८८ बाण सोडावे लागत. महिलांसाठी ७०, ६०, ५० व ३० मीटर अशी अंतरे होती. फेअरहॉल यांना ३५ वे स्थान मिळाले. सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या सो ह्यांग-सून हिने जिंकले.

फेअरहॉल यांना ऑलिंपिकमधील पहिल्या अपंग खेळाडू म्हणणे मात्र अचूक ठरणार नाही. लाकडी पाय असलेले अमेरिकेचे व्यायामपटू जॉर्ज आयझर यांनी १९०४ मध्ये पदके मिळवली होती, तर पोलिओग्रस्त डॅनिश अश्वारोहक लिस हार्टेल यांनी १९५२ व १९५६ मध्ये रौप्यपदके जिंकली होती. फेअरहॉल यांचे वेगळेपण असे, की चाकांच्या खुर्चीत बसून त्या इतर सर्व स्पर्धकांच्या रांगेत, त्याच अंतरावरून आणि त्याच नियमांनी खेळल्या.

उत्तरकाळ आणि महत्त्व

ऑलिंपिकनंतरही फेअरहॉल यांनी खेळ सोडला नाही; २००० च्या सिडनी पॅरालिंपिकमध्येही त्यांनी भाग घेतला. त्यांना ब्रिटिश सन्मानश्रेणीतील एमबीई हा किताब मिळाला होता. २००६ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर इटलीच्या पाओला फान्तातो (१९९६) आणि इराणच्या झहरा नेमाती (२०१६) या तिरंदाजांनी एकाच वर्षी ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक अशा दोन्ही स्पर्धांत भाग घेतला. पदकतालिकेत ३५ व्या स्थानाची नोंद होत नाही. परंतु या दोघींनी चोखाळलेली वाट त्याच स्थानापासून सुरू होते.