पाणी दर एकरीं कीं दर माणशीं?

सन १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या इंजिनिअर गृहस्थांनीं पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें देवस्थानची ४० एकर पडीक जमीन खंडानें घेतली. उतारावर समपातळींत बांध, पायथ्याशीं पाझर तलाव, त्याखालीं विहीर व तेथून पंपानें वर चढविलेलें पाणी. यांत नवें कांहींच नव्हतें. निरनिराळ्या शास्त्रांची सांगड एका शेतांत घातली, एवढेंच.

खरी मेख पाणी आल्यावर. तें कोणाचें? ‘पाणी पंचायती’नें ठरविलें कीं, दर माणशीं अर्ध्या एकराचें पाणी, कुटुंबास फार तर अडीच एकरांचें, भूमिहीनासहि वांटा, ऊंस वर्ज्य, खर्चाचा पांचवा हिस्सा सभासदांनीं आधीं भरावा, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाहीं. सात-बाराच्या उताऱ्यांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस हें शेवटचें कलम मोठें चमत्कारिक वाटतें. विहीर जमिनीबरोबर जावयाची, असेंच आम्ही लिहीत आलों. परंतु एक एकर उसाच्या पाण्यांत ज्वारीचे किती एकर भिजतात, हा हिशोब वाचकांनीं आपल्याच विहिरीवर करून पाहावा.

उसाचें कलम तेवढें वगळून बाकीची योजना घेऊं, असें म्हणणारे बागायतदार भेटतात. मग भूमिहीनाच्या वांट्याचें पाणी कोठून काढावयाचें, तें त्यांनींच सांगावें.