सूर आणि हक्क (लेखांक ६) : प्रसाद विकणारे

गेल्या आठवड्याचा लेख वाचून एका बासरीवादकाने विचारलं, "घरी वाजवलेला अर्ध्या तासाचा यमन मी नेटवर ठेवला होता, ज्याला हवा त्याने फुकट उतरवून घ्यावा म्हणून. आता तोच 'ध्यानासाठी बासरी' या नावाने कुणा भलत्याच्या खात्यावरून गाण्यांच्या अ‍ॅपवर कमाई करतोय. मीच फुकट वाटला, मग तक्रार कुठल्या तोंडाने करू?"

ज्या तोंडाने बासरी फुंकलीत, त्याच तोंडाने करा. देवळात प्रसाद फुकट मिळतो, पण तो द्रोणांत भरून कुणी दाराबाहेर दहा रुपयांना विकायला बसला, तर पुजारी गप्प बसेल का?

फुकट देणं आणि हक्क सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे सगळ्यात आधी ज्यांना नीट उमगलं त्यांत अमेरिकेतला 'ग्रेटफुल डेड' हा बँड होता. कॅलिफोर्नियात १९६५ साली जमलेली ही मंडळी तीस वर्षं गावोगाव वाजवत फिरली. दोन हजारांहून जास्त कार्यक्रम, आणि रोजचं वाजवणं वेगळं. त्यामुळे ऐकणारे टेपरेकॉर्डर घेऊन यायचे. इतर बँड अशांना दारातच अडवत. 'डेड'ने डोळेझाक केली आणि पुढे रीतसर परवानगीच दिली. ऑक्टोबर १९८४मध्ये बर्कलीच्या कार्यक्रमांपासून टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागा आणि वेगळी तिकिटं ठेवली. अट एकच : टेप वाटा, बदला, पण विकू नका. कुणाला एखाद्या कार्यक्रमाची प्रत हवी असेल, तर त्याने कोऱ्या कॅसेट आणि परतीचं टपाल पाठवायचं. टेपवाला प्रत करून धाडायचा. त्यात नफा शून्य.

या अटीची राखण प्रामुख्याने टेपवाल्यांनीच केली. टेप विकणारा सापडला की मंडळी त्याच्याशी देवघेव बंद करायची, आणि ज्याला कुणी टेपच देत नाही तो विकणार काय? वकिलाच्या नोटिशीपेक्षा हा बहिष्कार स्वस्त पडे. आपल्याकडेही खासगी मैफलींची स्पूल आणि कॅसेट जपणाऱ्या रसिकांत असाच अलिखित दंडक होता. टेप उसनी मिळायची ती चहा आणि ओळख यांवर. पैशाचा विषय काढणाऱ्याला पुन्हा बोलावणं नसे.

पण परवानगीचा दोर दोन्ही बाजूंनी ओढला जातो, हेही 'डेड'च्याच गोष्टीत दिसतं. नोव्हेंबर २००५मध्ये त्यांच्या मंडळींनी इंटरनेट आर्काइव्हवरची मुद्रणं फुकट उतरवून घेण्याची सोय अचानक काढून घेतली. चाहते उसळले. बँडचे गीतकार जॉन पेरी बार्लो यांनीही जाहीर नाराजी व्यक्त केली. काही दिवसांतच प्रेक्षकांतून केलेल्या टेप पुन्हा खुल्या झाल्या. मिक्सरवरून थेट घेतलेली मुद्रणं मात्र फक्त ऐकण्यापुरती उरली. दिलेलं परत मागणं फार जड जातं, म्हणून देतानाच नीट लिहून द्यावं.

आता आपल्या बासरीवाल्याकडे वळू. मी त्याला पहिला प्रश्न केला, "यमन ठेवताना खाली काय लिहिलं होतंस?" सगळं इथे अडतं. काहीच लिहिलं नसेल, तर सगळे हक्क त्याच्याकडेच. राग कुणाच्या मालकीचा नाही, जुनी बंदिशही नाही, पण त्या दिवशीचं ते वाजवणं आणि ते मुद्रण त्याचं आहे. आपल्या १९५७च्या कायद्यात ध्वनिमुद्रणाला साठ वर्षांचं आणि कलाकाराच्या सादरीकरणाला पन्नास वर्षांचं संरक्षण आहे. त्यासाठी नोंदणीची गरज नाही.

क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे ठरावीक अटींवर सगळ्यांना वापराची मुभा देणारा, परवाना लावला असेल, तर मात्र कोणता ते पाहावं लागतं. इथेच बरेच जण फसतात. नुसता 'नाव द्या' एवढ्याच अटीचा परवाना असेल, तर तुमचं नाव नीट छापून कुणी ते मुद्रण विकलं, तरी तो चोर ठरत नाही. तुम्हीच त्याला मुभा दिलेली असते. विक्री नको असेल, तर 'अव्यापारी' ही अट निवडायला हवी. तिलाही काठ आहेत. अमेरिकेत २०१८ साली एका अपील न्यायालयाने म्हटलं की, अव्यापारी परवान्याचा मजकूर शाळेच्या सांगण्यावरून छापून देणाऱ्या दुकानाने छपाईचे पैसे घेतले तर अट मोडत नाही. कोऱ्या कॅसेट आणि टपालाच्याच नात्यातली ही गोष्ट.

आमच्या बासरीवाल्याने 'नाव द्या' एवढंच लिहिलं होतं. माझा चेहरा पडला. पण समोरच्याने नावच पुसून टाकलेलं! अट मोडली की परवाना आपोआप संपतो आणि मागे उरतं ते साधं उल्लंघन. (हा परवाना चौथ्या आवृत्तीचा असेल तर एक गोम आहे : मोडल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत चूक सुधारली, तर परवाना पुन्हा जिवंत होतो.)

मग करायचं काय? आधी पुरावा, राग नंतर. त्या पानाचे तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या. विकत मिळत असेल तर एक प्रत स्वतः विकत घ्या आणि पावती ठेवा. मूळ मुद्रणाच्या कच्च्या फाइल सांभाळा, कारण चोराकडे असते ती फक्त तयार प्रत. मग अ‍ॅपच्या तक्रार-अर्जात मूळ दुवा, प्रसिद्धीची तारीख आणि अट नेमकी लिहा. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि महिन्याभरात तेच गाणं दुसऱ्या अ‍ॅपवर हसत उभं असतं. गाणी अ‍ॅपपर्यंत बहुधा एखाद्या वितरक कंपनीमार्फत पोचतात. तिचं नाव शोधून तिलाही लिहा, तिने काढलं की एकदम अनेक ठिकाणचं जातं. आणखी एक डाव असतो : चोरच ते मुद्रण आपल्या नावे व्हिडिओ-साइटच्या, गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत नोंदवतो, आणि तुमच्याच व्हिडिओवर दावा येऊन पडतो. तो दावा लगेच खोडायचा.

कायद्यात फौजदारीची वाटही आहे. कलम ६३खाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हा गुन्हा दखलपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितलं आहे. पण बनावट नावाच्या, कदाचित परदेशातल्या खात्यासाठी पहिलं पाऊल म्हणून पोलीस ठाण्यात जाऊ नये, असं माझं मत. आधी कमाईचा नळ बंद करा.

सगळं सांगून झाल्यावर मी सहज विचारलं, "तबला कुणाचा आहे रे त्यात?"

"मावसभावाचा."

"त्याला विचारलं होतंस, फुकट वाटण्याआधी?"

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. साथीदाराचा हक्क पुढच्या आठवड्यात.