जुन्या फटफटीचे मोल

दिवाळीच्या साफसफाईत जिन्याखालची अडगळ बाहेर निघते. मोडकी शेगडी, बिनकाचेचा कंदील, आणि एखाद्या घरी गोणपाट पांघरून वर्षानुवर्षे उभी असलेली फटफटी! 'देऊन टाका एकदाची भंगारवाल्याला' असा घरातून धोशा लागतो. वाचकहो, भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी चार मिनिटे थांबावे, एवढीच माझी विनंती आहे. त्या गोणपाटाखालचा ऐवज नवा होता तेव्हाच्या किमतीच्या कित्येक पट दाम देणारी माणसे आज आहेत. आणि तो ऐवज गोड बोलून स्वस्तात उचलणारीही आहेत.

मराठी माणसाने या यंत्राचे नाव त्याच्या आवाजावरून ठेवले. पण गंमत अशी की, 'फट्फट्' करणारी गाडी निराळी आणि आज ज्यांच्यामागे शौकीन धावतात त्या गाड्यांपैकी बहुतेक निराळ्या. या दुसऱ्या जातीचे इंजिन 'टू-स्ट्रोक'. म्हणजे पिस्टनच्या दोनच हालचालींत त्याचा सारा संसार आटोपतो. जावा, येझ्दी, राजदूत, यामाहा आरएक्स-100 ही या कुळातली नावे. जावा हे नाव बेटावरून आले असे पुष्कळांना वाटते. वास्तविक यानेचेक हे चेक कारखानदाराचे आडनाव आणि 'वांडरर' ही जर्मन गाडी, या दोहोंची आद्याक्षरे जोडून ते 1929 साली घडले. 1961 पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून ही गाडी आपल्याकडे निघू लागली. पुढे तीच येझ्दी झाली आणि 1996 साली कारखाना बंद पडला.

या साध्यासुध्या, दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सर्वांना मानवणाऱ्या गाडीचे एक भावंड मोठे दांडगट होते. चेकोस्लोव्हाकियातच जावाच्या जोडीने बनणाऱ्या 'सीझेड' गाडीने युरोपातील मोटोक्रॉसची मैदाने गाजवली. मोटोक्रॉस म्हणजे चिखल, चढउतार आणि उड्या यांनी भरलेल्या वाटेवरची शर्यत. तिची सुरुवात 1924 साली इंग्लंडात झाली. 1964 साली बेल्जियमचा जोएल रोबेर 250 सीसी गटात जगज्जेता झाला, तो सीझेडवर बसून. त्याच रोबेरने 1970 साली तोच मान जपानच्या सुझुकीला मिळवून दिला.

मधल्या काळात असे काय घडले? इथे एक कादंबरीत शोभेल अशी हकिगत आहे. पूर्व जर्मनीतील वाल्टर काडेन या अभियंत्याच्या ध्यानात आले की, इंजिनातून बाहेर पडणारी आवाजाची लाटच कामाला लावता येईल. त्याने धुराचे नळकांडे मध्ये फुगीर आणि टोकाला निमुळते केले. लाट टोकावर आपटून परत फिरते आणि जळण्याआधीच निसटू पाहणारा ताजा वायू पुन्हा सिलिंडरात लोटते. पाहुणा दारातून निघावा आणि यजमानाने त्याला हाताला धरून पुन्हा पाटावर बसवावे, तसा हा प्रकार! 1961 साली काडेनचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी पळून गेला, सुझुकीला मिळाला आणि ही विद्या जपानला पोचली.

तीच विद्या पुढे आपल्याकडच्या गॅरेजांतही आली. परदेशी मोटोक्रॉस गाडी आपल्याकडे दुर्मीळ. तेव्हा रस्त्यावरचीच गाडी घ्यायची, दिवे-मडगार्ड काढायचे, टायर खाचांचे चढवायचे आणि इंजिन 'करून' घ्यायचे. नाशकात तर अशा कामाला हातांची वाण नाही. ओझरचा विमान कारखाना, सातपूर-अंबडच्या वसाहती, गल्लोगल्ली लेथ! शंभरांश मिलिमीटरची भाषा इथे सहज बोलली जाते. राष्ट्रीय सुपरक्रॉसच्या फेऱ्याही या गावाने पाहिल्या आहेत, आणि 28 जानेवारी 2024 रोजी पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉसची नवी लीग सुरू झाल्यापासून तरुणांचा ओढा वाढला आहे.

पण खरेदीविक्रीची खरी मेख या 'करून घेतलेल्या' इंजिनातच आहे. सिलिंडरच्या भिंतीत धूर जाण्याची एक खिडकी असते. कारागीर ती कानशीने वर वाढवतो. गाडी वेगात भन्नाट पळते. मात्र हळू चालवताना तिचा दम जातो आणि पेट्रोल पाण्यासारखे लागते. शिवाय घासलेले लोखंड परत चिकटवता येत नाही. नवा अस्सल सिलिंडर मिळेल म्हणावे, तर आरएक्स-100 ची निर्मितीही 1996 सालीच थांबलेली. म्हणून दोन ग्राहकांचे दोन भाव. संग्राहकाला हात न लागलेली गाडी हवी, शर्यतवाल्याला हात लागलेली. 'एकहाती वापर, इंजिन उघडलेले नाही' असे सांगत दुसरीला पहिलीचा भाव लावायचा, ही या बाजारातली नेहमीची फसवणूक. गाडी खरोखरच शर्यतीत धावलेली असेल, तर तिचा इतिहासही मोलाचा. पण त्याला जुने फोटो आणि प्रमाणपत्रे हवीत. नुसत्या आख्यायिकेचे पैसे देऊ नयेत.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील आणि मूळ स्वरूपातील वाहनालाच 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. त्याच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात आणि ते रोजच्या वापराला चालत नाही. म्हणजे 1985 च्या आरएक्सला 2035 पर्यंत वाट पाहावी लागणार, आणि 'केलेल्या' इंजिनाला हा मान मिळणे कठीणच! मोजके मंजूर बदल सोडले तर मूळ रचना बदलणे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला मंजूर नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली तेच बजावले. सबब अशी गाडी टेम्पोतून मैदानावर न्यावी, कॉलेज रोडवर नव्हे.

घेणाऱ्याने इंजिन आणि चासीचे क्रमांक आरसी बुकाशी स्वतः ताडावेत. आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा दिसल्या, तर गाडी कितीही देखणी असो, पाय मागे घ्यावा; ती चोरीची असू शकते. विकणाऱ्याने 29 आणि 30 क्रमांकाचे फॉर्म भरून नाव बदलून घ्यावे, केवळ रोख मोजून मोकळे होऊ नये. कारण सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाप्रमाणे, गाडी कितीही हातांतून गेली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीत नाव असलेल्याच्या गळ्यात पडते. वडिलांची आठवण विकल्यावर त्या आठवणीपायी कोर्टाची पायरी चढणे यासारखे दुर्दैव नाही.

आणि विकायचीच नसेल तर? टाकीतले जुने पेट्रोल काढावे, पिस्टन अडकला असेल तर दांडगाई न करता तेल सोडून थांबावे, आणि एखाद्या जुन्या, सावकाश काम करणाऱ्या मिस्त्रीला बोलवावे. या गाड्यांचे सुटे भाग एक वेळ शोधून सापडतील; पण नुसत्या आवाजावरून इंजिनाचे दुखणे ओळखणारे कान दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत. त्या कानांशेजारी घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी चार रविवार बसली, तर ती कमाई गाडीच्या किमतीहून थोडी अधिकच भरेल.