ठिणगी वाटेत कोठे सांडते? – जुन्या ट्रॅक्टरच्या प्लगच्या तारा

अमेरिकेतील शेतांवर करड्या पत्र्याचा आणि लाल एंजिनाचा एक ठेंगणा ट्रॅक्टर आजही काम करताना आढळतो. हा फोर्ड कंपनीचा ८-एन. १९४७ ते १९५२ या काळात असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. त्याचे एंजिन पेट्रोलवर चालणारे, चार सिलिंडरांचे. मूळची बॅटरी अवघ्या ६ व्होल्टची.

या वयोवृद्ध ट्रॅक्टरांची एक तक्रार नेहमीची आहे. कोरड्या दुपारी एंजिन चटकन सुरू होते. दव पडलेल्या सकाळी मात्र नुसते घरघरत राहते. बॅटरी भरलेली, टाकीत पेट्रोल, प्लग स्वच्छ. मग बिघाड कोठे? पुष्कळदा तो प्लगकडे जाणाऱ्या चार तारांत असतो. तारा तर तुटलेल्या नसतात! न तुटलेली तार बदलावी का लागते, हेच या लेखात पाहू.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्याकडच्या ट्रॅक्टरवर या तारा शोधू नका. आपले ट्रॅक्टर बहुधा डिझेलवर चालतात. डिझेल एंजिनात हवा इतकी दाबली जाते, की ती तापून तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. तेथे ठिणगी लागत नाही. पण पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारसायकलच्या प्लगवर काळी टोपी आणि तिला जोडलेली जाडसर तार तुम्ही नक्की पाहिली असेल. तीच ही तार.

सहाचे दहा हजार

प्लगच्या टोकाशी सुमारे ०.६ मिलिमीटरची फट असते. साध्या हवेत एवढी फट ओलांडण्यासाठी ठिणगीला दोन-तीन हजार व्होल्ट लागतात. सिलिंडरमध्ये तर पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दट्ट्याने दाबलेले असते. दाब वाढला की ठिणगीची वाट बिकट होते, आणि हा आकडा दहा हजारांच्या घरात जाऊ शकतो.

६ व्होल्टच्या बॅटरीतून इतका विद्युत्‌दाब कसा मिळतो? कॉइलमध्ये एका लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळी असतात : एक थोड्या वेढ्यांचे, दुसरे हजारो वेढ्यांचे. पहिल्यातून बॅटरीचा प्रवाह वाहतो. पॉइंट उघडताच तो एकाएकी तुटतो, चुंबकीय क्षेत्र क्षणात नाहीसे होते आणि दुसऱ्या वेटोळ्यात प्रचंड विद्युत्‌दाब प्रवर्तित होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेले विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तन ते हेच. डिस्ट्रिब्यूटरमधील फिरता हात हा दाब चार तारांना पाळीपाळीने वाटतो.

ही वाटणी किती वेगाने चालते? चार-स्ट्रोक एंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एक ठिणगी लागते. मिनिटाला १,५०० फेऱ्या धरल्या, तर एका सिलिंडरला ७५० आणि चौघांना मिळून ३,००० ठिणग्या होतात. म्हणजे दर सेकंदाला ५०!

जाडी कशाची?

ट्रॅक्टरवर दोन प्रकारच्या जाड तारा दिसतात. एक बॅटरीपासून स्टार्टरकडे जाणारी, दुसरी प्लगची. स्टार्टरच्या तारेत दाब फक्त ६ व्होल्ट, पण प्रवाह शंभराहून अधिक अँपिअर. एवढा प्रवाह अडू नये म्हणून ती तांब्याने भरलेली असते. प्लगच्या तारेचे नेमके उलट. ठिणगीचा प्रवाह काही मिलिअँपिअर, म्हणून आतले तांबे बारीक. पण हजारो व्होल्ट बाहेर निसटू नयेत म्हणून त्यावर निरोधक आवरणाचा जाड थर. सुमारे ७ मिलिमीटर जाडीच्या या तारेत बहुतेक सारी जाडी आवरणाचीच असते.

आता कोड्याचे उत्तर हाती येते. अशी तार निकामी होते ती तांबे तुटल्यामुळे क्वचितच. बहुधा आवरण तडकल्यामुळे होते.

जुन्या तारांवर रबर आणि त्यावर सुती विणीचे वेष्टन असे. एंजिनाची उष्णता आणि तेलाचे डाग रबराला खातात. तिसरा शत्रू तर वीज स्वतःच निर्माण करते. उच्च दाबाच्या तारेभोवती हवेतील ऑक्सिजनपासून थोडा ओझोन बनतो आणि तो रबराला बारीक भेगा पाडतो. या भेगांत धूळ बसते. ती कोरडी असेपर्यंत काम भागते. दवाने ओली झाली की विजेला सोपी वाट मिळते. प्लगची फट ओलांडण्याऐवजी ती भेगेतून एंजिनाच्या लोखंडात उतरते. एंजिन अंधारात चालविले, तर अशा तारेवर निळसर झगमग दिसते. (हे पाहताना तारेला स्पर्श करू नये, जोराचा झटका बसतो. एंजिन बंद खोलीतही चालवू नये. त्याच्या धुरात विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो.)

येथे ओहममापक फसवतो. तो फक्त आतल्या धातूचा रोध मोजतो. जुनी तार शून्याजवळचा रोध दाखवते आणि तरीही ठिणगी गळतच राहते.

एका वेळी एकच तार

तारा बदलण्याचे काम अवघड नाही. शिस्त मात्र हवी. एंजिन थंड असावे आणि बॅटरीची जोडणी काढलेली असावी. टोपी धरून थोडी फिरवावी आणि मग ओढावी. तारेला धरून हिसका देऊ नये. नवी तार जुनीच्या लांबीची घ्यावी, दोन्ही टोके तळापर्यंत घट्ट बसवावीत, आणि तार तापणाऱ्या धुराड्याला वा पंख्याला लागणार नाही अशी न्यावी. १९५० पर्यंतच्या ८-एनमध्ये डिस्ट्रिब्यूटर एंजिनाच्या पुढच्या अंगाला, पंख्यामागे अडचणीत होता. त्यानंतर तो बाजूला आणला गेला.

सर्वांत महत्त्वाचे : एक तार काढावी, तिच्या जागी नवी लावावी, मगच दुसरीला हात घालावा. चारही एकदम काढल्या, तर त्या ४×३×२×१ = २४ प्रकारे लावता येतात आणि त्यांतला एकच प्रकार बरोबर असतो.

८-एनचा ज्वलनक्रम १-२-४-३ आहे. त्याच काळातल्या फारमॉल एच ट्रॅक्टरचा आहे १-३-४-२. फारमॉलची सवय असलेल्या माणसाने आठवणीने तारा लावल्या, तर १ आणि ४ हे सिलिंडर ठीक चालतील. २ आणि ३ यांच्या ठिणग्यांची अदलाबदल होईल. त्यांना ठिणगी मिळेल ती जळलेला वायू बाहेर जाऊन ताजे मिश्रण आत येऊ लागण्याच्या सुमारास. झडप उघडी असल्यामुळे जाळ कार्बोरेटरकडे उलटू शकतो. एवढा धोका केवळ दोन तारांच्या अदलाबदलीने!

तांब्याची की कार्बनची?

प्रत्येक ठिणगी रेडिओलहरीही सोडते आणि त्यामुळे जवळच्या रेडिओत खरखर होते. ती कमी करण्यासाठी पुढे तांब्याऐवजी कार्बन मुरवलेल्या धाग्याच्या तारा आल्या. त्यांचा रोध हजारो ओहम असतो. मग ठिणगी मरत कशी नाही? ओहमचा नियम लावा. ५,००० ओहम आणि ४० मिलिअँपिअर यांचा गुणाकार २०० व्होल्ट. दहा हजारांपुढे हे किरकोळच. पण कार्बनचा धागा नाजूक असतो. ओढाताणीने आतल्या आत तुटतो. म्हणून खडखडणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरवर अनेक जण तांब्याचीच तार पसंत करतात.

विचार करा

१. सहा सिलिंडरांच्या एंजिनाच्या सर्व तारा एकदम काढल्या, तर त्या किती प्रकारे लावता येतील?

२. कार्बनच्या तारेचा रोध अनंत आला, तर दोष धाग्यात की आवरणात?

३. प्लगची फट झिजून रुंदावली, तर भेगाळलेल्या तारेतून होणारी गळती वाढेल की कमी होईल? कारण द्या.