नव्या नकाशाची जुनी प्रत

पूर्वी घर बांधावयाचे म्हणजे पेन्सिलीने काढलेला नकाशा गवंड्याच्या हाती दिला की काम भागत असे. कागद कुणीही उलगडावा आणि पाहावा. हल्ली नकाशा संगणकावर काढतात, आणि तो उलगडायलाही संगणकच लागतो. घोटाळा होतो तो इथेच.

समजा, मुंबईला नोकरीस असलेल्या मुलाने रत्नागिरीजवळच्या आपल्या घरासाठी लोखंडी फाटकाचा नकाशा ऑटोकॅडवर काढला. गणपतीच्या आधी फाटक लागायला हवे. फाइल इकडे धाडली. कारागिराने ती उघडू पाहिली, तर पडद्यावर सूचना आली की फाइल नव्या आवृत्तीची आहे, उघडता येत नाही. मुलगा म्हणतो, "अहो, माझ्याकडे तर उघडते!" कारागीर म्हणतो, "माझ्याकडे नाही उघडत, त्याला मी काय करू?" दोघेही खरेच बोलत आहेत, बरं का.

ऑटोकॅड आला 1982 साली. त्याच्या फाइलीला डीडब्ल्यूजी म्हणतात, आणि तिची आतली मांडणी वेळोवेळी बदलत आली. 2000, 2004, 2007, 2010, 2013 आणि 2018 या आवृत्त्यांबरोबर नवी स्वरूपे आली. नवा प्रोग्राम मागची स्वरूपे वाचतो, जुन्याला पुढचे कळत नाही. मोडी आणि बाळबोध दोन्ही जाणणारा माणूस पेटीतला जुना दस्तऐवजही वाचील आणि आजचे वर्तमानपत्रही. एकच लिपी शिकलेल्याचे तसे नाही.

गंमत अशी की फाइल आपले वय स्वतःच सांगते. ती नोटपॅडमध्ये उघडली तर बाकी सारी अगम्य चिन्हे दिसतात, पण अगदी पहिली सहा अक्षरे वाचता येतात. एसी1015 म्हणजे 2000 चे स्वरूप, एसी1032 म्हणजे 2018 चे. शिक्षकांनी मुलांना हे अवश्य दाखवावे. मात्र पाहून झाल्यावर फाइल नुसती बंद करावी. नोटपॅडमधून सेव्ह केली तर ती बिघडते.

उपाय सोपा आहे. नकाशा काढणाऱ्याने 'सेव्ह ॲज' निवडावे, खाली फाइलीचा प्रकार विचारला जातो तिथे 2000 किंवा 2004 घ्यावे, आणि प्रतीला वेगळे नाव द्यावे. मूळ फाइल आहे तशी राहू द्यावी. काढणारा भेटत नसेल तर ऑटोडेस्क कंपनीचा डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू हा विनामूल्य प्रोग्राम हेच रूपांतर करून देतो. पत्रा कापणाऱ्या यंत्राला बहुधा डीएक्सएफ प्रकारची फाइल लागते, आणि पुष्कळदा तीही 1992 सालच्या आर 12 आवृत्तीची.

पण जुन्या प्रतीत सारेच जसेच्या तसे उतरते असे समजू नये. आर 12 ला लंबवर्तुळ ठाऊक नाही, मुक्त वळणाची रेषाही ठाऊक नाही. तेव्हा फाटकावरची वेलबुट्टी लहान लहान तुकड्यांची होऊन बसते. वर्तुळ आणि साधी कमान मात्र टिकते. दुसरी गोष्ट मराठी अक्षरांची. 2007 च्या स्वरूपापासून ती युनिकोड पद्धतीने साठवली जातात. त्याआधीच्या स्वरूपात संकेतांत बदलावी लागतात, आणि उघडणाऱ्याकडे योग्य फाँट नसेल तर घराच्या नकाशावर 'पडवी', 'माजघर' यांच्या जागी चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हे दिसतात. म्हणून सोबत पीडीएफ प्रत धाडावी, म्हणजे कारागिराला ताडून पाहता येते.

माप मिलिमीटरचे की इंचाचे, हे जुन्या फाइलीवरून यंत्राला कळेलच असे नाही. ते चिठ्ठीत स्पष्ट लिहावे. फाइल उघडल्यावर कारागिराने फाटकाची रुंदी एकदा मोजावी. ती 3,000 मिलिमीटर असायला हवी, आणि 25.4 पट भरली, तर मिलिमीटरला इंच समजले गेले आहे. पत्रा यंत्रावर चढवण्यापूर्वी मुंबईला फोन करावा.