पडद्यावरील बीभत्स रस

भयानक आणि बीभत्स हे दोन्ही रस आपल्या नाट्यशास्त्रास मान्य आहेत. विदर्भाच्या भवभूतीनें ‘मालतीमाधवा’च्या पांचव्या अंकांत स्मशान आणि तेथील प्रेतमांस खाणारीं पिशाचें वर्णिलीं, तें आपण काव्य म्हणून वाचतों. मग तसेंच दृश्य चित्रपटांत दिसलें कीं वाद कां उद्भवतो? कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्या उदाहरणानें याचा कांहींसा उलगडा होतो.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० सालचा. नाटकांचे पडदे रंगविणाऱ्या या कलावंतानें स्वदेशी कॅमेरा सिद्ध केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापिली आणि १९२० सालीं ‘सैरंध्री’ हा मूकपट पुण्यास दाखविला. त्यांतील कीचकवध इतका हुबेहूब होता कीं प्रेक्षक भयभीत झाले आणि तो प्रसंग सरकारी कात्रींत सांपडला. लोकमान्य टिळकांनीं मात्र बाबूरावांस ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविलें.

खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर, कीचकांत लॉर्ड कर्झन दिसतो म्हणून, १९१० मध्येंच बंदी आली होती. तेव्हां सरकारास हें कथानक आधींच खुपत होतें. परंतु दुसरें कारण कलेचें आहे. महाभारतांत भीम कीचकाचा मांसगोळा करतो. तें वाचतांना वाचकाची कल्पना आपल्या धैर्याइतकेंच चित्र रेखाटते; कॅमेरा ती सवलत देत नाहीं.

पुढें १९२५ सालीं ‘सावकारी पाश’मध्यें बाबूरावांनीं कर्जापायीं जमीन गमावलेला शेतकरी दाखविला. पिशाचाहून सावकाराचें भय प्रेक्षकांस अधिक परिचयाचें होतें.